किंग्ज गॅम्बिट अजून खेळावा का? दोन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर मी अडीच हजार रुपये भरून बुद्धिबळातली किंग्ज गॅम्बिट ही सुरुवात शिकवणारा एक व्हिडिओ अभ्यासक्रम घेतला. वर्षभराची वर्गणी, सुमारे बारा तासांची व्याख्याने आणि सोबत सरावासाठी डावांचा संग्रह असे त्याचे स्वरूप होते. तेव्हापासून बेळगावातल्या रविवारच्या बैठकींत, सांगली-कोल्हापूरकडच्या जलद स्पर्धांत आणि रात्री मोबाईलवर, पांढरी मोहरी वाट्याला आली आणि समोरच्याने इ५ असे उत्तर दिले, की मी दुसऱ्या चालीला एफ४ खेळत आलो आहे. (पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच अशी अक्षरे आणि आडव्या रांगांना पांढऱ्याकडून एक ते आठ असे आकडे असतात; इ५, एफ४ ही त्यांवरून पडलेली घरांची नावे.) हे परीक्षण त्या अभ्यासक्रमाचे आहे, पण त्याहून अधिक त्या सुरुवातीचे आहे. टिळकवाडीच्या आमच्या बैठकीत मला आठवड्याला एकदा तरी विचारले जाते, की संगणकाने ज्या सुरुवातीची सगळी अंडीपिल्ली बाहेर काढली आहेत ती अजून खेळण्यात अर्थ आहे का. त्या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देणे मला कधी जमले नाही, म्हणून ते येथे सविस्तर देतो.

ज्यांनी ही सुरुवात खेळलेली नाही त्यांच्यासाठी आधी तिचा गाभा सांगितला पाहिजे. दोन्ही राजांपुढची प्यादी दोन-दोन घरे पुढे आली, की पांढरा लगेच आपल्या राजाकडच्या उंटापुढचे प्यादे एफ४ वर आणून ठेवतो आणि ते देऊ करतो. काळ्याने ते मारले, तर त्याचे इ५ वरचे प्यादे पटाच्या मध्यातून बाजूला सरते, पांढऱ्याला डी४ खेळून मध्य व्यापता येतो आणि किल्लेकोट (कॅसलिंग) झाल्यावर हत्तीला एफ पट्टीवरून थेट एफ७ चा रोख धरता येतो, जे घर डावाच्या आरंभी फक्त काळ्या राजाच्या राखणीत असते. याच्या बदल्यात एक प्यादे जाते, आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे पांढऱ्याच्याच राजापुढचा आडोसा जातो, कारण एच४ पासून इ१ पर्यंतचा कर्ण उघडा पडतो. काळ्याने प्यादे न मारता उंट सी५ वर आणला आणि पांढऱ्याने मोहाने इ५ वरचे प्यादे मारले, तर काळा वजीर एच४ वर येऊन शह देतो. तो जी३ ने अडवावा, तर वजीर इ४ वरचे प्यादे शह देत मारतो आणि पुढच्या चालीला कोपऱ्यातला हत्ती घेतो. राजा इ२ वर न्यावा, तर काळ्याच्या चौथ्याच चालीला इ४ वर मात होते. ज्या सुरुवातीत तिसऱ्या चालीची एक चूक डाव संपवते, ती सुरुवात धोक्याची आहे हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

माझ्या आजोबांना ही सुरुवात ठाऊक नव्हती आणि असण्याचे कारणही नव्हते. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी देवळाच्या कट्ट्यावर कापडी पट पसरून ते देशी पद्धतीने खेळत. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते, किल्लेकोट नसतो, आणि राजाला शह बसलेला नसेल तर त्याला डावात एकदाच घोड्याची उडी घेता येते. प्याद्याला दोन घरांची धाव नसल्यामुळे दुसऱ्या चालीला मध्यात हाणामारी सुरू होण्याचा प्रश्नच येत नाही. मोहरी सावकाश मांडली जातात, एकमेकांना जोर देतात, आणि मग कधीतरी लढाईला तोंड फुटते. आमच्या भागातल्या वडीलधाऱ्या खेळाडूंना किंग्ज गॅम्बिट हा उतावळ्यांचा खेळ वाटतो, त्याचे मूळ मला या जुन्या सवयीत दिसते. आंतरराष्ट्रीय नियम अंगवळणी पडले तरी मनातला पट पुष्कळ दिवस जुनाच राहतो.

या सुरुवातीचे वय पाहिले तर ती सोळाव्या शतकापासून खेळली जाते, आणि एकोणिसाव्या शतकात तर तिच्याशिवाय बुद्धिबळाची कल्पना करता येत नसे. २१ जून १८५१ रोजी लंडनमध्ये अडॉल्फ अँडरसन यांनी लिओनेल किझेरित्स्की यांच्याविरुद्ध याच सुरुवातीच्या उंटाच्या प्रकाराने खेळताना एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीर देऊन तेविसाव्या चालीला उरलेल्या दोन घोड्यांनी आणि एका उंटाने मात केली, आणि तो डाव ‘अमर डाव’ म्हणून ओळखला जाऊ लागला. आजही हा डाव दाखवूनच मुलांना किंग्ज गॅम्बिटची गोडी लावली जाते. माझी तक्रार तेथूनच सुरू होते, कारण त्या डावातला काळा खेळाडू ज्या प्रकारे खेळला त्या प्रकारे आज चिकोडी किंवा निपाणीच्या स्पर्धेतला बारा वर्षांचा मुलगाही खेळत नाही.

अभ्यासक्रमाबद्दल बोलायचे तर त्याची मांडणी देखणी आहे आणि शिकवणाऱ्याचा आवाज स्पष्ट आहे. पहिले सात-आठ तास मी अक्षरशः भारावून ऐकले. या सुरुवातीच्या मुझिओ गॅम्बिट नावाच्या उपप्रकारात पाचव्या चालीला किल्लेकोट करून घोडा सरळ देऊन टाकायचा आणि एफ पट्टीवरून राजाचा पाठलाग करायचा, हा भाग तर मी रात्री दोन वेळा पाहिला. परंतु या बारा तासांतला बहुतेक वेळ काळा घाबरून किंवा हावरेपणाने खेळला तर काय होईल यावर खर्च झाला आहे. काळ्याने मध्यात डी५ खेळून शांतपणे प्यादे परत केले तर पुढे काय, या प्रश्नाला जेमतेम एका व्याख्यानाचा कोपरा मिळाला आहे, आणि त्याचा समारोप पांढऱ्याला खेळायला मोकळी जागा मिळते अशा आश्वासनाने केला आहे. विकत घेताना मला हे कळण्याचा मार्ग नव्हता, कारण नमुना म्हणून दाखवलेली दोन्ही व्याख्याने अर्थातच हल्ल्यांची होती. मी विक्रेत्याला लिहून विचारले, तेव्हा वर्गणीची मुदत वाढवण्याचा पर्याय सांगणारे ठरीव उत्तर आले आणि माझा मूळ प्रश्न तसाच राहिला.

त्याचा परिणाम मला कोल्हापुरातल्या एका जलद स्पर्धेत भोगावा लागला. तिसऱ्या फेरीत माझ्यासमोर आमच्याच जिल्ह्यातला, गोकाककडचा, तेरा वर्षांचा मुलगा होता. घरी कन्नड बोलणारा आणि माझ्याशी शुद्ध मराठीत बोलणारा, अशी मुले आमच्याकडे पुष्कळ. ती हत्तीला आने, घोड्याला कुदुरे आणि उंटाला ओंटे म्हणत वाढतात, आणि पटावर बसली की या सगळ्या भाषा बाजूला ठेवतात. मी एफ४ खेळलो. त्याने प्यादे मारले, मी घोडा एफ३ वर आणला, आणि त्याने घड्याळाकडे न पाहता डी५ खेळून दोन बोटांनी प्यादे घराच्या बरोबर मध्यभागी सरकवले. ते दृश्य मला अजून आठवते, कारण तोपर्यंत माझ्या बाजूने सात सेकंद गेले होते आणि त्या एका चालीवर मी चार मिनिटे घालवली. मी डी५ वर मारले, त्याने घोडा एफ६ वर काढला, आणि मी प्यादे राखण्याच्या नादात सी४ खेळलो. विसाव्या चालीपर्यंत माझ्या राजाकडे एकही प्यादे धड उरले नव्हते, त्याचे एफ४ वरचे प्यादे घशात अडकलेल्या काट्यासारखे तसेच होते, आणि तिसाव्याच्या आसपास मी डाव सोडला. हात मिळवताना तो म्हणाला, “काका, तुम्ही सी४ खेळलात तिथंच चुकलं बघा. ते प्यादं परत द्यायचं असतंय की.” मी त्याला विचारले की हे कोणी शिकवले, तर त्याने कोणाचे नाव सांगितले नाही. मोबाईलवर पाहिले, एवढेच म्हणाला.

परतीच्या वाटेवर मिरजेहून गाडी धरली आणि कुडची, रायबाग, घटप्रभा अशी स्टेशने मागे पडत असताना मी मोबाईलवर तो डाव पुन्हा लावला. लिचेस या विनामूल्य संकेतस्थळावर स्टॉकफिश हे विश्लेषण-इंजिन कोणालाही वापरता येते. दुसऱ्या चालीला एफ४ खेळल्याबरोबर त्याचा कल काळ्याकडे झुकतो, आणि हे मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही. पहिल्या चालीचा फायदा आपण होऊन सोडणारी ही सुरुवात आहे. पण इंजिन जेव्हा काळा थोडा सरस म्हणते, तेव्हा काळा जिंकला असा त्याचा अर्थ नसतो, आणि आमच्या पातळीवरच्या डावांत तेवढे अंतर एका चालीत उलटते. २०१२ च्या एप्रिलमध्ये, रिब्का या इंजिनाचे जनक वासिक राय्लिख यांनी एका बलाढ्य संगणकसमूहाच्या बळावर किंग्ज गॅम्बिट कायमचा सोडवला आहे, अशी बातमी एका नामांकित बुद्धिबळ संकेतस्थळाने एप्रिल फूल म्हणून दिली होती आणि जाणत्या खेळाडूंनीही ती खरी मानली होती. सगळ्यांना ती पटावी इतकी ही सुरुवात बदनाम आहे, आणि ती थट्टा होती हे जाहीर करावे लागले इतकी ती अजून न सुटलेली आहे.

त्या मुलाने दाखवलेली वाटच आजच्या किंग्ज गॅम्बिटचा खरा विषय आहे, म्हणून ती येथे पूर्ण देतो. काळ्याने तिसऱ्या चालीला डी५ खेळल्यावर पांढऱ्याने ते मारावे, काळा घोडा एफ६ वर येतो, आणि मग ते प्यादे सांभाळण्याच्या फंदात न पडता उंट सी४ वर काढावा. काळ्या घोड्याने डी५ वर मारले की किल्लेकोट करावा. काळ्याने उंट इ७ वर आणला की आपला उंट देऊन तो घोडा मारावा, वजिराने परत मारल्यावर घोडा सी३ वर आणून वजिराला हुसकावावे, वजीर डी८ वर गेला की डी४ खेळावे, आणि काळ्याच्या किल्लेकोटानंतर दहाव्या चालीला उंटाने एफ४ वरचे प्यादे परत घ्यावे. हिशेब केला तर दोन्ही बाजूंची प्यादी सहा-सहा राहतात. काळ्याकडे उंटांची जोडी असते, पांढऱ्याकडे मध्यातले एक प्यादे, आपल्या बाजूने उघडी एफ पट्टी आणि थोडा अधिक विकास असतो. हल्ला वगैरे काही नसतो. पुढचे तीस-चाळीस चालींचे काम चिकाटीचे असते.

चालींच्या थोड्या वेगळ्या क्रमाने याच स्थितीत येऊन २०१० साली रुमानियातल्या मेदियाश येथे मॅग्नस कार्लसन यांनी चीनचे ग्रँडमास्टर वांग युए यांना हरवले. तो डाव चौपन्न चालींचा आहे. त्यात वजिराचे बलिदान नाही, राजाची पळापळ नाही. एक-एक घर दाबत नेलेला तो संथ डाव आहे, आणि माझ्या दृष्टीने किंग्ज गॅम्बिट शिकणाऱ्याने अमर डावाच्या आधी हा डाव दहा वेळा पटावर लावून पाहिला पाहिजे. कोल्हापूरच्या पराभवानंतर आलेल्या गणपतीच्या सुट्टीत मी तेच केले. बाहेर पावसाची झड लागलेली होती आणि वीज जाऊन-येऊन होती, त्यामुळे मोबाईल बाजूला ठेवून लाकडी पटावर चाली लावत बसलो. एफ४ खेळणारा माणूस मूलतः हल्लेखोर असतो ही माझी समजूत त्या चार दिवसांत गेली. प्यादे देणाऱ्याला ते परत केव्हा व कसे घ्यायचे हे ठाऊक असावे लागते, आणि परत घेतल्यानंतर जे रुक्ष पडते तेच आवडीने खेळता आले पाहिजे.

दुसरी वाट पुढे जगज्जेते झालेल्या अमेरिकेच्या बॉबी फिशर यांच्या नावाची आहे. १९६० साली अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता येथे बोरिस स्पास्की यांनी त्यांना किंग्ज गॅम्बिट खेळून हरवले. घोडा इ५ वर नेणारा तो किझेरित्स्की प्रकार होता. त्या स्पर्धेत दोघेही समान गुणांनी पहिले आले, पण ती हार फिशर यांच्या मनाला लागली आणि १९६१ साली त्यांनी अमेरिकेतल्या एका त्रैमासिकात लेख लिहून ही सुरुवात मोडीत निघाली आहे असे जाहीर केले. त्यांनी सांगितलेला उतारा म्हणजे प्यादे मारल्यानंतर तिसऱ्या चालीला डी६. पांढऱ्या घोड्याला इ५ वर येऊ द्यायचे नाही, एवढाच त्याचा हेतू. मग डी४, जी५, एच४, जी४ अशा चाली पडतात आणि पांढरा घोडा सहाव्या चालीला निमूटपणे परत जी१ वर जातो. पहिल्यांदा पाहताना ही चाल अपमानास्पद वाटते. सहा चालींनंतर आपली सगळी मोहरी मूळ जागी आणि एक प्यादे कमी, असे चित्र असते. पण नीट पाहिले तर मध्यात इ४ आणि डी४ ही पांढऱ्याची दोन भक्कम प्यादी उभी असतात, सी१ वरच्या उंटाचा डोळा एफ४ वर असतो, आणि काळ्याची एफ४ व जी४ वरची प्यादी इतकी पुढे आलेली असतात की त्याच्या राजाला त्या बाजूला आसरा उरत नाही. या प्रकारात मी हरलो तितकाच जिंकलोही आहे, आणि समोरच्याने फिशर यांचे नाव ऐकून फक्त पहिल्या तीन चाली पाठ केलेल्या असतील तर गडबड त्याचीच होते.

एक गोष्ट फिशर यांच्या लेखाचा दाखला देणारे सांगत नाहीत. लेखानंतर दोनच वर्षांनी, १९६३ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत, त्यांनी स्वतः लॅरी इव्हान्स यांच्याविरुद्ध किंग्ज गॅम्बिट खेळला आणि जिंकला. फरक इतकाच की तिसऱ्या चालीला घोडा न काढता त्यांनी उंट सी४ वर आणला, म्हणजे अँडरसन यांचाच प्रकार निवडला. याच स्पर्धेत त्यांनी अकराच्या अकरा डाव जिंकले होते. ज्याने मृत्युलेख लिहिला त्यानेच ही सुरुवात पुन्हा खेळावी, यावरून तिच्यात काहीतरी शिल्लक आहे असे मी समजतो.

तिसरी वाट फाल्कबीर या जुन्या खेळाडूच्या नावाने ओळखली जाणारी. काळा प्यादे मारतच नाही, दुसऱ्याच चालीला डी५ खेळतो, आणि पांढऱ्याने ते मारल्यावर इ४ वर आपले प्यादे खिळ्यासारखे ठोकून ठेवतो. ते प्यादे तेथे राहू दिले तर पांढऱ्याचा घोडा एफ३ वर येऊ शकत नाही आणि सगळी बाजू गुदमरते. म्हणून चौथ्या चालीला डी३ खेळून त्यावर ताबडतोब घाव घालावा, मारामारीत काळा घोडा इ४ वर आल्यावर आपला घोडा एफ३ वर काढावा आणि काळ्याचा उंट सी५ वर आला की वजीर इ२ वर ठेवून इ४ वरच्या घोड्याला कोंडीत धरावे. यात चालींचा क्रम महत्त्वाचा आहे. एका संध्याकाळी मी वजीर इ२ ऐवजी आधी दुसऱ्या बाजूचा घोडा काढला, आणि एफ२ वर असे काही बसले की पुढे बोलण्यासारखे काही राहिले नाही. आमच्या भागात हा प्रकार कमी पाहायला मिळतो, तरी त्याची तयारी टाळता येत नाही.

राहिला मुख्य प्रश्न, की हे सगळे कोणी करावे. माझे मत असे झाले आहे, की पंधरा-वीस मिनिटांच्या जलद डावांत, १४०० ते १७०० च्या दरम्यान मानांकन असलेल्या किंवा अजून मानांकन नसलेल्या खेळाडूने किंग्ज गॅम्बिट अवश्य खेळावा, पण वर सांगितलेल्या तिन्ही रुक्ष वाटा आधी शिकून. फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाची मानांकन (रेटिंग) यादी मार्च २०२४ पासून १४०० वरच सुरू होते, त्यामुळे आमच्याकडच्या बहुसंख्य नव्या मुलांचा मुक्काम सध्या याच पट्ट्यात आहे. या पातळीवर समोरच्याची इटालियन आणि स्पॅनिश सुरुवातीची तयारी बरीच असते, कारण क्लासेसमध्ये तेच शिकवले जाते, आणि एफ४ पडले की त्याचा स्वतःचा विचार सुरू होतो. घड्याळातला तो वेळ म्हणजे पांढऱ्याला मिळालेला खरा मोबदला. नव्वद मिनिटांच्या संथ डावात तो मोबदला मिळत नाही. तेथे समोरचा शांतपणे दहा मिनिटे बसून डी५ शोधून काढतो, आणि मग आपल्या हाती बरोबरीचा पट आणि मनात थोडी निराशा एवढेच उरते. म्हणून संथ स्पर्धांत मी ही सुरुवात फक्त अशाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध वापरतो ज्याचे आधीचे डाव मी पाहिलेले आहेत.

मुलांच्या पालकांना मात्र मी वेगळे सांगतो. डी. गुकेश यांनी डिसेंबर २०२४ मध्ये अठराव्या वर्षी जगज्जेतेपद मिळवले, जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी महिलांचा विश्वचषक जिंकला, आणि तेव्हापासून टिळकवाडी, शहापूर, वडगाव भागांत घरोघरी बुद्धिबळाचे पट आले आहेत. ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाला लवकर जिंकता यावे म्हणून किंग्ज गॅम्बिटचे सापळे पाठ करून देणे मला चुकीचे वाटते, कारण सापळ्यात न अडकणारा पहिला प्रतिस्पर्धी भेटला की त्या मुलाकडे पुढे काय करायचे याचे काहीच उत्तर नसते. सुरुवात म्हणून ती खुशाल शिकवावी, उघड्या पटावर मोहरी भराभर कशी बाहेर काढायची आणि एका चालीची किंमत काय असते हे तिच्याइतके स्पष्ट दुसरी कोणतीच सुरुवात दाखवत नाही. मात्र शिकवताना हरलेले डाव आधी दाखवावेत. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभ्या केलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाची परंपरा आमच्यापासून दोन-अडीच तासांवर आहे. त्या बाजूच्या जुन्या खेळाडूंशी खेळून पाहिले, की मुद्दाम दिलेले प्यादे पाहून ते कसे जराही विचलित होत नाहीत हे मुलांना चांगले समजते.

अभ्यासक्रमाची शिफारस मी करणार नाही. त्यातला हल्ल्यांचा भाग खरोखर चांगला आहे, पण तोच भाग विनामूल्य व्याख्यानांत आणि जुन्या डावांत सहज मिळतो, आणि ज्याच्यासाठी पैसे मोजावेत तो डी५ चा भाग त्यात जवळजवळ नाही. घेणाराने विकत घेण्यापूर्वी विषयसूची उघडून तिसऱ्या चालीच्या डी५ ला, दुसऱ्या चालीच्या डी५ ला आणि डी६ ला किती वेळ दिला आहे तेवढेच पाहावे. तिन्ही मिळून दोन तासही नसतील तर पैसे वाचवावेत. मी वर्गणीचे नूतनीकरण केले नाही. त्याऐवजी दोनशे पानी वही घेतली, डाव्या पानावर माझ्या डावाच्या चाली आणि उजव्या पानावर हातून सुटलेली चाल, अशी नोंद ठेवली, आणि माझ्या खेळात जी काही सुधारणा झाली ती त्या वहीमुळे झाली असे मी खात्रीने म्हणू शकतो. जिंकलेल्या डावांतही उजवे पान कोरे राहिलेले नाही.

गेल्या महिन्यात पुतण्या सुट्टीला आला होता. सातवीत आहे, धारवाडला शिकतो. त्याने ती वही चाळली आणि फिशर यांच्या डी६ च्या पानावर थांबून मला विचारले, “काका, घोडा परत जी१ वर? मग बाहेर काढलाच कशाला?” मी त्याला पट लावायला सांगितला. त्याने काळी मोहरी घेतली, सहाव्या चालीला माझा घोडा घरी गेल्यावर तो हसला, आणि दहाव्या-अकराव्या चालीला त्याचा राजा कोठे न्यावा हे त्याला सुचेना. मग आम्ही बाजू बदलल्या. तो पांढरा घेऊन बसला, घोडा स्वतःच्या हाताने जी१ वर परत ठेवला आणि बराच वेळ त्याच्यावरचे बोट काढले नाही. दिवेलागणीपर्यंत आमचे पाच डाव झाले, त्यांतले तीन त्याने जिंकले, आणि जाताना तो वहीतली ती चार पाने उतरून घेऊन गेला.